ढब्बू मिरच्यांना शाळेत येऊ द्या : जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण

विषय : शाळेतील काल्पनिक संकटाचा डाव बंद करण्याच्या सूचनेबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

कृष्णाकाठच्या एका गावात माझं औषधांचं दुकान आहे. आपदा मित्र, म्हणजे आपत्तीत मदतीला धावणारी स्वयंसेविका, म्हणून मी प्रशिक्षण घेतलं आहे आणि त्याचं ओळखपत्र दुकानाच्या काउंटरवरच लावलेलं असतं. गावातल्या जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीच्या मुलांबरोबर मी शनिवारच्या तासाला संकट-नियोजनाचा एक डाव मांडत असे. आपल्या कार्यालयाच्या पत्राने तो थांबला आहे. डाव अवास्तव आणि हास्यास्पद आहे, त्यामुळे आपत्तीचं गांभीर्य कमी होतं, अफवा आणि अंधश्रद्धा पसरू शकते, यापुढे ठरलेल्या नमुन्यातली रंगीत तालीमच घ्यावी आणि फोटोसह अहवाल पाठवावा, असा त्या पत्राचा आशय. शिवाय मुख्याध्यापकांकडून खुलासा मागवला आहे. ते निवृत्तीला आलेले सरळमार्गी गृहस्थ. ते मला म्हणाले, "ताई, सध्या थांबूया." त्यांच्यापुरतं ते बरोबरच आहे. मी आपल्याला लेखी उत्तर दिलं, त्याची पोच मिळाली, पण पुढे काही आलं नाही. आता पावसाळा तोंडावर आहे, म्हणून हे उघडपणे लिहिते आहे.

आधी डाव काय होता ते सांगते, कारण तो थांबवणाऱ्यांपैकी कुणी पाहायला आलं नव्हतं.

वर्गाच्या फरशीवर खडूने गावाचा नकाशा काढायचा : नदी, ओढा, पूल, गावठाण, मळ्यातल्या वस्त्या, शाळा, देऊळ, पाण्याची टाकी, डीपी. मुलांनी चिठ्ठ्या उचलायच्या. कुणी सरपंच होतं, कुणी तलाठी, ग्रामसेवक, आशाताई, वायरमन, डेअरीचा चेअरमन, एसटीचा ड्रायव्हर. एक चिठ्ठी 'घर न सोडणारे आजोबा' अशी असते आणि तिच्यासाठी भांडणं होतात. मग बातमी येते : नदीपलीकडच्या शेडनेटमधल्या ढब्बू (सिमला) मिरच्या रात्रीत म्हशीएवढ्या झाल्या आहेत, त्यांना पाय फुटले आहेत आणि त्या गावाकडे निघाल्या आहेत. चार तासांत पोचतील. ढब्बूला जिना चढता येत नाही. ढब्बू वीज खातो, म्हणजे तो आला की डीपी गेली, मोबाईलचा टॉवर गेला, घरचा इन्व्हर्टरही गेला. आणि एकदा येऊन बसला की पाच-सहा दिवस हलत नाही.

ढब्बू म्हणजे कोण, हे कृष्णाकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. मुलांनाही थोड्या वेळात उमगतं. पण तोवर ती कामाला लागलेली असतात.

दर दहा मिनिटांनी नवी चिठ्ठी फुटते. तहसीलदारांचा फोन लागत नाही. ओढ्यावरचा रस्ता ढब्बूंनी अडवला. मळ्यातल्या वस्तीवर एक बाळंतीण आहे. गोठ्यात पाच जनावरं आहेत आणि मालक म्हणतोय, जनावरं सोडून मी हलणार नाही. 'ढब्बू मिठाला घाबरतात' असा मेसेज फिरतोय, लोक बाहेर पडायचं सोडून दुकानापुढे मिठासाठी रांग लावून उभे आहेत. बोटीत दहा माणसं बसतात आणि काठावर तीस उभी आहेत. या शेवटच्या चिठ्ठीवर वर्ग गप्प होतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळला पुरातून माणसं नेणारी बोट जास्त भरल्याने उलटली, ते आमच्याकडच्या मुलांनी घरात ऐकलेलं असतं. कुणाला आधी बसवायचं, नाही कुणी म्हणायचं, आणि ऐकलं नाही तर काय करायचं, हे तीन प्रश्न बारा वर्षांची मुलं ज्या बारकाईने सोडवतात ते एकदा येऊन पाहावं.

शेवटचा अर्धा तास सगळ्यात महत्त्वाचा. फळ्यावरचं 'ढब्बू' पुसायचं आणि तिथे 'पूर' लिहायचं. घेतलेल्या निर्णयांपैकी कोणते टिकले? मग 'पूर' पुसून 'भूकंप' लिहायचं. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्री दमून झोपलेल्या माणसांना चार तास सोडाच, चार मिनिटंही मिळाली नव्हती. मग इशारा, बोट, दवंडी हे सगळं बाद होतं. उरतं काय? कोणत्या घरात कोण झोपतं याची माहिती, घराबाहेर भेटायची ठरलेली जागा, परगावच्या एका नातेवाइकाचा पाठ असलेला नंबर, कुणाला कोणतं औषध लागतं याची यादी. संकट कुठलंही असो, जे लागतंच ते मुलं स्वतः गाळून काढतात. वहीत उतरवून देऊन हे शिकवता आलं असतं तर मी एवढा खडू झिजवला नसता.

आता आपण विचाराल, थेट पुराचाच प्रसंग का नाही घेतला? पूर आमचा, नदी आमची, मिरच्यांचं सोंग कशाला?

कारण पूर म्हटला की आमच्या गावात प्रत्येकाच्या डोक्यात एक खूण असते. २००५ ला पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं ते सगळ्यांना पाठ. २०१९ ला त्याच खुणेवर विसंबून किती घरं शेवटच्या क्षणापर्यंत हलली नाहीत हे आपल्या पंचनाम्यांतही सापडेल. सांगलीच्या आयर्विन पुलाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका धरतात. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. आता आमच्या भिंतींवर २०१९ ची खूण आहे, आणि लोक तिच्यावर विसंबून आहेत. वर्गात 'पूर आलाय' अशी सुरुवात केली तर मुलं घरातल्या मोठ्यांचंच बोलतात : "आमच्याकडं येत नाही पाणी." "वाड्यापर्यंतच येतं, पुढं नाही." डाव तिथेच संपतो. ढब्बू मागच्या खेपेला कुठवर आला होता हे मात्र कुणालाच माहीत नाही. आजोबांनाही नाही, सरपंचांनाही नाही, मलाही नाही. त्यामुळे विचार करण्यावाचून इलाज उरत नाही.

भरवशाची खूण जीव कसा घेते, याचा जपानएवढा स्पष्ट दाखला दुसरा नसेल. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत कामाइशी शहरातल्या उनोसुमाई भागातल्या शाळा धोक्याच्या नकाशात पाण्याच्या रेषेबाहेर दाखवलेल्या होत्या. तरी तिथली मुलं धावत सुटली. ठरलेल्या जागी पोचली, ती जागा सुरक्षित वाटेना म्हणून आणखी वर गेली, धाकट्यांचे हात धरून. शाळेत हजर असलेली मुलं वाचली. प्राध्यापक काताडा तोशिताका त्या शहरात कित्येक वर्षं एकच गोष्ट शिकवत होते, की आधी बांधलेल्या अंदाजावर विश्वास ठेवू नका. त्याच दिवशी ओकावा प्राथमिक शाळेत मुलांना मैदानावर आणून ओळीत उभं केलं गेलं. नेमकं जायचं कुठे हे ठरलेलं नव्हतं आणि जवळपास पन्नास मिनिटं त्यातच गेली. १०८ पैकी ७४ मुलं गेली. पालक कोर्टात गेले. शाळेची आणि स्थानिक प्रशासनाची पूर्वतयारी अपुरी होती, असं सेंदाईच्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवलं आणि पुढच्या वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला.

मैदानावर ओळीत उभी केलेली मुलं. महोदय, आपल्या ठरलेल्या नमुन्यातली रंगीत तालीम याच ओळीपाशी संपते.

आणखी एक कारण आहे आणि ते मोजून दाखवता येण्यासारखं नाही. आज सहावी-सातवीत असलेली मुलं २०१९ ला चार-सहा वर्षांची होती. काहींनी गच्चीवर रात्र काढलेली आहे. पुराचं नाव काढलं की त्यांच्यातली दोन-तीन आक्रसून जातात, खिडकीबाहेर बघत बसतात. तीच मुलं ढब्बूच्या डावात सगळ्यात पुढे असतात, कारण गच्चीवर काय काय लागतं हे त्यांना ठाऊक असतं. त्यांच्या त्या माहितीचा वर्गाला उपयोग झाला की त्यांचा चेहरा बदलतो. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, त्यामुळे याहून जास्त दावा करत नाही.

आता आपल्या पत्रातल्या आक्षेपांकडे येते.

हास्यास्पद प्रसंग, हा पहिला आक्षेप. तो मान्य आहे. पण हे सोंग मी काढलेलं नाही. अमेरिकेत साथरोगांवर काम करणारी केंद्रीय संस्था, सीडीसी, हिने मे २०११ मध्ये झॉम्बी, म्हणजे चालती-फिरती प्रेतं, गावावर चालून आली तर घरात काय तयारी असावी याचं मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. लिहिणारे डॉ. अली खान त्या संस्थेतल्या आपत्ती-सज्जता विभागाचे प्रमुख होते. वाचायला इतकी झुंबड उडाली की त्यांचा सर्व्हर बंद पडला. पाणी, औषधं, कागदपत्रं, भेटायची जागा, परगावचा संपर्क, अशी त्यातली यादी वादळालाही तशीच लागू होती. तीच तर त्यातली मेख. पुढच्या वर्षी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या सरकारने झॉम्बी-सज्जता सप्ताह पाळला. कॅन्सस राज्याच्या गव्हर्नरांनी तर ऑक्टोबर महिनाच त्यासाठी जाहीर केला. ही सगळी सरकारं आहेत, गल्लीतली मंडळं नव्हेत.

त्याहून पुढची गोष्ट अमेरिकी लष्कराच्या स्ट्रॅटेजिक कमांडची. त्यांच्याकडे २०११ सालचा एक आराखडा आहे, क्रमांक ८८८८. विषय, झॉम्बींचा हल्ला. त्यात झॉम्बींचे प्रकार पाडले आहेत, त्यांत फक्त झाडपाला खाणारे शाकाहारी झॉम्बी आहेत, अंतराळातून आलेले आहेत, आणि झॉम्बी कोंबड्याही आहेत. हा आराखडा थट्टा म्हणून केलेला नाही, असं त्यातच लिहिलेलं आहे. नव्या अधिकाऱ्यांना नियोजनाची पद्धत शिकवण्यासाठी तो बनवला. आणि असा अशक्य शत्रू का घेतला याचं कारणही दिलं आहे : खऱ्या देशाचं नाव घालून सराव केला तर लोकांना ती खरी योजना वाटण्याचा धोका होता.

यातच आपल्या दुसऱ्या, अफवेच्या, आक्षेपाचं उत्तर आलं. आमच्या मुलांनी "ढब्बू आले, ढब्बू आले" असं ओरडत जिना चढल्याची एक क्लिप व्हॉट्सॲपवर फिरली, हे खरं आहे. ती बघून गावातलं कुणी घर सोडून पळालं नाही. लोक हसले. आता याच्याशी ताडून पाहा : १३ जानेवारी २०१८ ला हवाई बेटांवर सकाळी प्रत्येकाच्या मोबाईलवर सरकारी संदेश आला, क्षेपणास्त्र येत आहे, आसरा शोधा, हा सराव नाही. तो होता सरावच. यंत्रणेतल्या एका कर्मचाऱ्याने सराव खरा समजून बटण दाबलं, आणि चूक सुधारणारा संदेश यायला ३८ मिनिटं लागली. तेवढ्या वेळात माणसांनी लेकरांना गटारांच्या झाकणांखाली उतरवलं. खऱ्यासारखा सराव खरा वाटू शकतो. पाय फुटलेल्या मिरचीचा सराव कुणाला खरा वाटणार?

अंधश्रद्धेबद्दल थोडक्यात. मी मुंजा, हडळ, वेताळ यांतलं काहीही वर्गात आणलं नाही, जाणूनबुजून आणलं नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा मलाही माहीत आहे आणि प्रिय आहे. ढब्बूची कुणी पूजा करत नाही. लोक त्याची भाजी करतात.

गांभीर्याचा आक्षेप मात्र वजनदार आहे, त्याला हसण्यावारी नेणार नाही. झॉम्बींच्या त्या अमेरिकी मोहिमेचा तिथल्याच अभ्यासकांनी अभ्यास केला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या शोधनिबंधात दिसलं की विनोदी संदेश वाचणाऱ्यांचा प्रत्यक्ष तयारी करण्याचा इरादा साधा संदेश वाचणाऱ्यांपेक्षा कमी भरला. म्हणजे नुसतं हसवून भागत नाही, हे आपलं म्हणणं खरं आहे. पण तो अभ्यास वाचण्यापुरत्या संदेशाचा होता. आमच्या वर्गात कुणी काही नुसतं वाचत नाही. दहा मिनिटांत निर्णय घ्यावा लागतो, तो चुकला तर पुढची चिठ्ठी तो चुकल्याचं दाखवते, आणि शेवटच्या अर्ध्या तासात मिरची पुसून पूर लिहिला जातो. तो अर्धा तास काढून टाकला तर डाव बंद करा असं मीच म्हणेन.

आता माझ्या तक्रारी.

ठरलेल्या नमुन्यातली तालीम मी जवळून पाहिली आहे. आदल्या दिवशी सूचना येते. अकरा वाजता घंटा होते. मुलं डोक्यावर दप्तर धरून रांगेने मैदानात येतात, बॅनर धरतात, फोटो निघतो, फोटो अपलोड होतो. पूर कधी अकराला येत नाही हे सोडून देऊ. त्या तालमीत कुणाला काहीच ठरवावं लागत नाही. जिना बंद आहे, शिक्षक गैरहजर आहेत, घंटा वाजलीच नाही, असं त्यात कधी घडत नाही. भूकंपात टेबलाखाली जाणं, रांग न मोडणं, या सवयी हव्यातच, त्यासाठी ती तालीम चालू ठेवा. पण तिला नियोजन म्हणू नका. आणि अहवालाच्या नमुन्यात 'काय अडचण आढळली' असा रकानाच नाही, हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

दुसरी तक्रार मुख्याध्यापकांच्या खुलाशाची. खुलासा मागायचा तर माझ्याकडे मागा. एका शिक्षकाला नोकरीच्या शेवटच्या वर्षात कागद रंगवायला लावल्याचा परिणाम असा झाला आहे की शेजारच्या दोन शाळांनी, ज्यांना हा डाव हवा होता, मला फोनवर नको म्हणून कळवलं. आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं, म्हणजे २००५ च्या कायद्याचं, कलम ३० जिल्हा प्राधिकरणाची कामं सांगतं. लोकांच्या प्रशिक्षणाला आणि जनजागृतीला हातभार लावणं हे त्यांतलं एक आहे. आपलं पत्र याच कामात कसं बसतं ते समजून घ्यायला आवडेल.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी, आणि खरं तर तिच्यासाठीच हे पत्र आहे. डावातून मुलांनी ज्या उणिवा शोधल्या त्या मी आपल्याला लेखी कळवल्या होत्या. आपल्या पत्रात त्यांतल्या एकीचाही उल्लेख नाही.

निवारा म्हणून आमची शाळा ठरलेली आहे. मुलांनी नकाशावर बोट ठेवून दाखवलं की शाळेच्या वरच्या मजल्याची किल्ली ज्या सेवकाकडे असते तो ओढ्यापलीकडे राहतो, आणि ओढ्यावरचा रस्ता सगळ्यात आधी पाण्याखाली जातो. देवळाचा भोंगा दवंडीसाठी धरलेला आहे, पण तो विजेवर चालतो आणि पुरात वीज आधी तोडतात. सातवीतल्या 'वायरमन'ने हे पाच मिनिटांत काढलं. गावच्या आराखड्यातल्या नंबरांवर मुलांनी खरोखर फोन लावले. एक बदली होऊन गेलेल्या तलाठ्यांना लागला, एक कायमचा बंद, आणि एक पंढरपूरच्या एका बाईंना, ज्यांनी मुलांची प्रेमाने चौकशी केली. जनावरं कुठल्या उंचवट्यावर न्यायची हे कुठेच लिहिलेलं नाही. आमच्या भागात माणूस गोठा सोडत नाही म्हणून घर सोडत नाही, आणि आराखड्यात गोठ्याला जागाच नाही.

पाचवी उणीव माझ्या धंद्यातली. रोज इन्सुलिन घेणारे, डायलिसिसला जाणारे, घरी ऑक्सिजनवर असलेले, फिट्सच्या गोळ्या एक दिवसही न चुकवता घ्यावे लागणारे, यांची एकत्र यादी गावात कुणाकडेच नाही. थोडी आशाताईंच्या वहीत, थोडी उपकेंद्रात, थोडी माझ्या उधारीच्या खात्यात. २०१९ ला माझ्या दुकानात छातीएवढं पाणी होतं. माल गेला त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या वह्यांबरोबर कोणाला किती युनिट लागतात ही माहितीही गेली, आणि निवाऱ्यातल्या म्हाताऱ्या माणसांना आपल्या गोळीचं नाव सांगता येत नव्हतं, "पांढरी, सकाळची" एवढंच सांगता येत होतं. ढब्बूच्या डावात औषध दुकानदार झालेल्या सहावीतल्या मुलीने मला विचारलं, फ्रिज बंद पडला तर इन्सुलिन कुठे ठेवायचं? मी तिला सांगितलं की वापरात घेतलेली बाटली सावलीत, थंड जागी बहुधा चार आठवडे चालते, न उघडलेल्या बाटल्या पिशवीत बांधून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या भांड्यात ठेवता येतात, आणि बर्फाला टेकवायच्या नाहीत. तिने ते घरी जाऊन आजीला सांगितलं. आजी दुसऱ्या दिवशी दुकानात खात्री करायला आली. आपल्या विभागाच्या माहितीपत्रकांचा गठ्ठा माझ्या काउंटरवर वर्षभर पडून आहे, त्यातलं वाचून अशी खात्री करायला आजवर कुणी आलेलं नाही.

या सगळ्यावर माझ्या मागण्या अशा :

१. डाव बंद करण्याचं पत्र आणि मुख्याध्यापकांकडे मागितलेला खुलासा, दोन्ही लेखी मागे घ्यावेत.

२. ज्या शाळांना हवा असेल त्यांना ठरलेल्या तालमीच्या जोडीला वर्षातून एकदा काल्पनिक संकटाचा डाव घेऊ द्यावा. आपल्याला हव्या त्या अटी घाला. माझी सूचना दोन अटींची आहे : भुताखेतांचे प्रसंग नकोत, आणि शेवटी खऱ्या संकटाशी पडताळणी करून उणिवांची यादी लेखी निघालीच पाहिजे.

३. अहवालाच्या नमुन्यात 'आढळलेल्या अडचणी' आणि 'त्यावर कुणी, कधीपर्यंत काय करायचं' असे दोन रकाने घालावेत. फोटोचा रकाना राहू द्या, त्याला हरकत नाही.

४. आम्ही कळवलेल्या पाचही उणिवांवर १ जूनच्या आत लेखी उत्तर मिळावं. किल्लीची दुसरी प्रत करायला निधी लागत नाही. रुग्णांच्या यादीसाठी आशाताई, उपकेंद्र आणि मी एकत्र बसायला तयार आहोत, माहिती गुप्त राहील अशी पद्धत आपण ठरवून द्या.

५. प्रत्येक गावच्या आराखड्यातल्या फोन नंबरांवर दर मे महिन्यात प्रत्यक्ष फोन करून पाहावा.

६. आपल्या मान्सूनपूर्व आढावा बैठकीत एकदा हा डाव मांडावा. सगळ्या खात्यांच्या अधिकाऱ्यांनी चिठ्ठ्या उचलाव्यात, आपापल्या पदाची सोडून दुसऱ्या पदाची. साहित्य मी घेऊन येईन, खडू आणि चिठ्ठ्या एवढंच लागतं. आमच्या ग्रामसेवकांनी एकदा मुलांबरोबर भाग घेतला होता. चिठ्ठीत त्यांना एसटीचा ड्रायव्हर आला आणि सरपंच झालेल्या सहावीतल्या मुलाने त्यांना तीन वेळा चुकीच्या रस्त्याने पाठवलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी ओढ्याच्या पुलाजवळ पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी रंगवून घेतली. आपल्या बैठकीत 'घर न सोडणारे आजोबा' ही चिठ्ठी कुणाला यावी याबद्दल माझं एक मत आहे, पण ते प्रत्यक्ष भेटीत सांगेन.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी, सुट्टी लागण्याआधी, शाळेत जागा मिळाली तर डाव शाळेत होईल, नाही तर ग्रामपंचायतीच्या परवानगीने समाजमंदिरात. सकाळी आठला सुरुवात. आपण किंवा आपल्या कार्यालयातलं कुणीही आलं तर स्वागत आहे. दहा मिनिटं आधी यावं, चिठ्ठ्या संपतात.

आपली,
एक आपदा मित्र आणि औषध विक्रेती,
कृष्णाकाठ

प्रत माहितीसाठी :
१. मा. सरपंच व सदस्य, ग्रामपंचायत
२. अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती
३. नदीकाठच्या सर्व गावांतील आपदा मित्र
४. सहावी व सातवीचे वर्ग (फळ्याशेजारी लावण्यासाठी)